नाताळातून वजा झालेल्या वस्तू

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, नंदाखाल-निर्मळ-आगाशीच्या बाजूला जो नाताळ होतो, त्यातून एकेक वस्तू कमी होत चालली आहे. त्यांची ही यादी. मी पंचविशीतली आहे. यातल्या काही वस्तू मी हाताळल्या, काही नुसत्या पाहिल्या, काहींबद्दल आजीकडून ऐकलं. सण लहान झालेला नाही. रोषणाई वाढली, येशूजन्माचे गोठे मोठे झाले, केक तर नोव्हेंबरपासूनच मिळू लागतो. पण ज्या वस्तूंमुळे एका घराला दुसऱ्या घराकडे जावं लागायचं, त्या आधी गेल्या. यादीत काय घ्यायचं, ते मी त्यावरूनच ठरवलं.

कढई

मोठ्या तळणीला पुरेल अशी लोखंडी कढई आमच्या आळीत एकाच घरी होती. नाताळाच्या आदल्या आठवड्यात ती घरोघर फिरायची. आज कोणाकडे, उद्या कोणाकडे, हे बायका विहिरीवर ठरवायच्या. जिच्या घरी तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तिला पहिला दिवस मिळायचा, म्हणजे तिला शेवटच्या रात्री जागावं लागत नसे. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता आणि मोडलेलाही कुणाला आठवत नाही.

कढई घासूनपुसून परत करायची, पण रिकामी नाही. तिच्यात आपल्या घरच्या करंज्या आणि तळलेले फुगे ठेवायचे. त्यामुळे आळीतल्या झाडून सगळ्या घरांची चव कढईवाल्या आजींना ठाऊक असायची. कोणाच्या करंजीत यंदा खोबरं कमी पडलं, तेही त्यांना कळायचं. आणि ज्या घरी ते कमी पडलं, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नारळ पोचायचे. कुणी पाठवले, हे कधी बोललं जात नसे.

आता प्रत्येक घरात गॅसच्या शेगडीवर मावेल अशी स्वतःची कढई आहे.

ताडी

फुग्यांच्या पिठात मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि पीठ फुगवायला ताडी. ती त्याच सकाळी उतरवलेली लागायची. ताडी काढणारा माणूस त्या आठवड्यात आळीकडून पैसे घेत नसे. त्याच्या घरी ताट जायचं. आता यीस्टची पुडी आहे. फुगे पूर्वीइतकेच फुगतात. ताडाची झाडं आहेत, पण त्यांच्यावर चढणारी माणसं थोडी उरली आणि त्यांच्या मुलांनी तो धंदा करू नये असं त्यांनाच वाटतं. त्यांचं बरोबर आहे. उंच झाडावरून पडून जन्माचा अधू झालेला माणूस मी पाहिला आहे.

कलकलांचा कंगवा

कलकल म्हणजे शिंपल्यासारखा दिसणारा, नखाएवढा गोड पदार्थ. पिठाची गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबून गुंडाळली की तिच्यावर रेघा उमटतात. त्यासाठी कोरा कंगवा आणला जायचा आणि काम झालं की धुऊन पुढच्या वर्षासाठी ठेवला जायचा.

हे एकट्याने करायचं काम नाही. परातभर कलकल वळायला सगळं घर बसवावं लागतं, आजोबांपासून अजून शाळेत न जाणाऱ्या पोरापर्यंत. आमच्या घरात जमिनीच्या वाटणीवरून बाबा आणि थोरले काका यांचं बोलणं कितीतरी वर्षं बंद होतं. तरीही कलकल वळायच्या संध्याकाळी दोघे एकाच परातीच्या दोन बाजूंना बसायचे. बोलायचे नाहीत. पण गोळ्या संपल्या की एक जण पिठाचा गोळा तोडून दुसऱ्यापुढे सरकवायचा. आजीने त्यासाठीच परात एकच ठेवली होती, दोन असूनसुद्धा. समेट पुढे झाला, आणि तो झाला तेव्हा दोघांनाही अवघडल्यासारखं वाटलं नाही. दरवर्षी एक संध्याकाळ समोरासमोर बसायची सवय शाबूत होती, म्हणून.

आज पाकिटातले कलकल चांगले लागतात. आईचे सांधे दुखतात, मला रजा मिळत नाही आणि बाजारात मिळणाऱ्या पाकिटाला मी नावं ठेवणार नाही. पण ती परात गेली, याची नोंद हवी.

भट्टीतली जागा

घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा केकचं मिश्रण डब्यात ओतून गावातल्या बेकरीवर न्यायचं. पाव भाजून झाले की लाकडाच्या भट्टीत जी धग उरते तिच्यावर केक उत्तम होतो. डब्याला नावाची चिठ्ठी बांधायची. आमचे बेकरीवाले चाचा मुसलमान होते. नाताळाच्या आदल्या रात्री ते झोपत नसत. लांब फावड्याने डबे आत-बाहेर करत राहायचे आणि कोणाचा केक कडेला जास्त लागतो हे डब्यावरून ओळखून त्याला मधली जागा द्यायचे. ईदला आळीतली मुलं त्यांच्याकडे शीरखुर्मा प्यायला जायची.

लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांचे दिवस आता भरत आले आहेत. मुंबईतल्या अशा बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. भट्टीचा धूर ज्यांच्या छातीत जात होता त्यांत भट्टीवर काम करणारे पहिले होते, त्यामुळे मला हा निर्णय योग्यच वाटतो. मात्र आमच्या गावातली ती भट्टी त्याच्या बरीच आधी विझली, कारण केक घेऊन जाणारंच कुणी उरलं नव्हतं.

वसईवालीचा डबा

या यादीतली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी वस्तू म्हणजे डालडाचा पिवळा डबा. त्याच्यावर हिरव्या माडाचं चित्र होतं आणि झाकण घट्ट बसावं म्हणून आजी त्याला कापडाची पट्टी गुंडाळायची.

विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी सुटली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. पुढे या रेल्वेनेच वसईच्या वाड्यांना मुंबईची बाजारपेठ दिली. पुरुष दूध घेऊन जात, बायका भाजी, केळी, फुलं, विड्याची पानं घेऊन. पहाटेच्या गाडीत टोपल्या चढवायच्या, उपनगरांत उतरून पायी दारोदार फिरायचं. घरोघरी या बायकांना नावाने कुणी हाक मारत नसे. ‘वसईवाली आली’ एवढंच. आजी विलेपार्ल्याला जायची. तिची गिऱ्हाईकांची घरं ठरलेली होती. कोणाकडे कोवळी भेंडी लागते, कोणाकडे चतुर्थीला अळूची पानं लागतात, कोणत्या घरी सुनेला दिवस गेलेत म्हणून हिरवी चिंच न विसरता न्यायची, हे सगळं तिच्या डोक्यात असे. हिशेब भिंतीवर खडूने. पैसे महिन्याच्या महिन्याला, आणि एखाद्या घरी पगार थकला तर पुढच्या महिन्याला.

दिवाळीत पार्ल्याच्या घरांतून फराळ मिळायचा. प्रत्येक घरचा थोडा थोडा, सगळा एकाच डब्यात. तो डबा नाताळात परत जायचा. करंज्या, कलकल, केकचे तुकडे, वर केळीचं पान. काही घरं सोवळ्याची होती. तिथे अंड्याचा पदार्थ चालणार नाही हे ओळखून आजी त्यांच्यासाठी वेगळी पुरचुंडी बांधायची, फक्त खोबऱ्याच्या करंज्यांची, अंड्याचा हात न लागलेली. त्यातल्या एका घरच्या म्हाताऱ्या बाईंनी पहिल्या वर्षी ती पुरचुंडी घेतली नाही, दाराबाहेर ठेवायला सांगितली. आजीने ठेवली आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेली. तिसऱ्या की चौथ्या वर्षी त्या बाईंनी तिच्यासमोरच करंजी मोडून तोंडात टाकली. हे सांगताना आजीच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर कधी नसायचा. तिला त्या बाईंचं कौतुक वाटायचं. त्यांना ते किती जड गेलं असेल हे तिला कळत होतं.

बाबांना टायफॉईड झाला तेव्हा आजी बरेच दिवस फेरीवर गेली नाही. पार्ल्याच्या गिऱ्हाईकांपैकी एक जण पत्ता शोधत वसईला आला आणि औषधाच्या बाटल्यांबरोबर मोसंब्यांची पिशवी ठेवून गेला. त्याच्या आडनावापलीकडे आजीला त्याचं नावही माहीत नव्हतं.

मी रोज तीच गाडी पकडते. भाजी आता दाराशी दहा मिनिटांत येते आणि आणणाऱ्या मुलाचं नाव मोबाईलवर लिहून येतं. आजीचं नाव मात्र पार्ल्यात कुणाला माहीत नव्हतं. तरी डबा तिचाच परत यायचा.

सुकेळी

राजेळी केळी पिकल्यावर सोलून मांडवावर उन्हात वाळवतात, रात्री दव लागू नये म्हणून झाकतात, रोज उलटतात. मधासारख्या रंगावर आली की केळीच्या वाळक्या पानांत बांधतात. साखरेचा कणही घालत नाहीत. आगाशीकडच्या मोजक्या घरांत अजून होतात. परदेशी असलेल्या मुलाला नाताळात काय पाठवायचं, याचं एकेकाळी एकच उत्तर होतं. कुवेतला, बहारीनला सुकेळी टपालाने गेली आहेत.

सुकेळ्यांना बाकी काही नको, ऊन हवं. आमच्या शेजारी चार मजली इमारत उभी राहिली तेव्हापासून मांडवावर दुपारनंतर सावली येते.

गोठ्यातला पेंढा

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला. खरं गवत, खरा बैल, खरं गाढव. वसईत त्याहून सोपं काही नव्हतं. भात झोडपून झालेलं असायचं, पेंढा अंगणात असायचा, मुलांनी तो उचलून आणायचा आणि बांबूच्या चार काठ्यांवर छप्पर करायचं. नाताळाच्या पंधरवडाभर आधी मातीच्या थाळ्यांत नाचणी पेरायची. सणापर्यंत तिचे बोटभर कोंब येतात आणि ते गोठ्यापुढचं शेत होतं. ते कोंब नंतर गाईला घालायचे.

आज गोठे फार देखणे होतात. स्पर्धा असतात, पाणी वाहतं, पवनचक्क्या फिरतात, तरुण मुलं रात्र रात्र राबतात आणि ते पाहायला लांबून गाड्या येतात. पेंढा मात्र विकत आणावा लागतो. माझ्या भाचीने गोठा हा प्रकार फक्त नाताळात पाहिला आहे. जनावरं बांधायची जागा आमच्या घराला होती, तिथे आता दुचाकी उभी असते. ज्याला कुठेच जागा मिळाली नाही त्याला जनावरांनी आपल्यात घेतलं, ही गोष्ट आम्ही मुलं शेणाच्या वासात ऐकायचो. भाचीला तो वास माहीत नाही. गोष्ट ती मन लावून ऐकते, हे खरं.

चांदणी

बांबूच्या कामट्या, खळ, पतंगाचा कागद. आत चाळीसचा दिवा. वाऱ्याने फाटली की रात्री दहा वाजता खळ लावत बसायचं. प्लास्टिकची चांदणी फाटत नाही.

बावखल

वसईत जमिनीखालचं गोडं पाणी टिकावं म्हणून वाडीवाडीत तळी खणलेली आहेत, त्यांना बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यांत साठतं, मुरतं, आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या होऊ देत नाही. नाताळाआधीची मोठी धुणी बावखलावर व्हायची. चादरी, पडदे, गोधड्या. ज्या म्हातारीला वाकता येत नाही तिच्या गोधड्या कोणी न सांगता आपल्या बोचक्यात घ्यायच्या.

कितीतरी बावखलं बुजवली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले ते हे पाणी आणि ही झाडी वाचवायला. फादर पुढे २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, संमेलनाच्या इतिहासातले पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. आमच्यासारख्यांना त्यांनी एक गोष्ट पक्की दिली: पाणी राखणं हे धर्माच्या बाहेरचं काम आहे असं मानायची सवय त्यांनी मोडली. जी बावखलं उरली आहेत ती गाळ काढून नीट ठेवणारी मंडळी आजही आहेत, त्यांत माझ्या वयाची मुलं आहेत. ही नोंद म्हणून अर्धीच गेलेल्या वस्तूंत घालते.

मध्यरात्र

पूर्वी नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, रात्री बाराला सुरू व्हायची. चर्चमध्ये एवढी माणसं मावत नाहीत म्हणून मैदानात मांडव असतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी घातली, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अधिक घट्ट केली, आणि वर्षातले मोजके दिवस सोडले तर सवलत नाही. मग मिस्सा हळूहळू अलीकडे सरकली. २०२० मध्ये करोनामुळे २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी लागली, तेव्हा तर रात्रच नाताळातून बाहेर पडली.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आजारी माणसाची आणि तान्ह्या बाळाची झोप गीतापेक्षा मोठी. मला आठवतं ते परत येणं. मध्यरात्र उलटून गेल्यावर, दव पडलेल्या वाटेवरून, सगळी आळी एका घोळक्यात चालत यायची. म्हाताऱ्यांच्या चालीने चालायचं, म्हणजे फार हळू. वाटेत ज्याचं घर येईल तो थांबायचा, बाकीचे त्याचं दार उघडेपर्यंत उभे राहायचे. एकट्या राहणाऱ्या एका बाईंचं घर सगळ्यांत शेवटी, वाडीच्या टोकाला होतं. त्यांना सोडायला कोण जाणार यावर वाद व्हायचा नाही, कारण सगळेच जायचे. पुढे मिस्सा लवकर सुटू लागली, रिक्षा आल्या, मग त्या बाई रिक्षाने जायच्या. रिक्षावाला त्यांना दारापर्यंत नीट सोडायचा.

बाळ येशूच्या पायांचं चुंबन

मिस्सा झाली की रांगेने जाऊन मूर्तीच्या पायांवर ओठ टेकायचे. सेवक प्रत्येकानंतर रुमालाने पुसायचा. करोनापासून आमच्याकडे नुसतं वाकून नमस्कार करतात. नमस्कार आपलाच आहे. तो राहावा.

एकाच ताग्याचे कपडे

गावचा शिंपी. सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातलं कापड. पुढच्या वर्षी ते कपडे धाकट्याकडे, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या धाकट्याकडे. त्यामुळे आपला फ्रॉक दुसरीच्या अंगावर पाहायची सवय लागलेली असायची, आणि तो तिला शोभतो असं म्हणायचीही.

कार्ड

बुकपोस्टाने जाणारं पाकीट चिकटवायचं नसे, झाप आत खोचायची. तिकिटाचे पैसे वाचायचे. आम्ही क्राय या संस्थेची कार्डं आणायचो. रिपन कपूर नावाच्या, विमानात नोकरी करणाऱ्या तरुणाने सहा मित्रांना घेऊन, पन्नास रुपयांवर १९७९ मध्ये ती संस्था उभी केली होती, आणि कार्डाच्या विक्रीतून मुलांच्या कामाला पैसा जायचा. कार्ड लिहायला बसलं की यादी करावी लागे: यंदा आपल्यासाठी कोणी काय केलं. शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, बाबांना नोकरीच्या दिवसांत जागा धरून ठेवणारे गाडीतले काका. ती यादी वर्षातून एकदा होत होती.

घंटा

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेली घंटा वसईची, तिच्यावर १७२१ साल आहे. मी ती पाहून आले. गोदावरीच्या काठी ती सांभाळली गेली आहे याचा मला आनंद झाला.

गावातली घंटा तिन्हीसांजेला वाजते. पूर्वी ती ऐकली की रस्त्यावरचा माणूस उभा राहायचा, वाडीतला कुदळ खाली ठेवायचा. घरात रोझरीची प्रार्थना व्हायची आणि ती संपली की मुलांनी एकेका मोठ्या माणसापुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा. दिवसभरात जो ओरडला त्याच्यापुढेही. कोणी मेलं तर घंटा वेगळी वाजते. आता मृत्यूची बातमी आधी मोबाईलवर येते, घंटा नंतर.

गाणाऱ्यांची पेटी

पेटी म्हणजे हार्मोनियम आणि पैशांचा डबाही. डिसेंबरच्या रात्री तरुणांचा चमू घरोघर नाताळगीतं म्हणत जायचा; ढोलकी, पेटी, झांजा, मराठी गाणी. जमलेला पैसा संत विन्सेंट डी पॉल संस्थेकडे. ही संस्था फ्रेडरिक ओझानाम याने १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केली तेव्हा तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता. तिची रीत साधी आहे. दोघांनी मिळून गरजू घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, मदत हातात द्यायची आणि कोणाला दिली ते बाहेर बोलायचं नाही.

आता वर्गणी मोबाईलवरून होते आणि रक्कम पूर्वीपेक्षा मोठी जमते. म्हणजे गरजू घराला जास्त मिळतं, ही चांगली गोष्ट आहे. कमी पडतात ती जाऊन बसणारी माणसं. आमच्याकडे ते काम साठी ओलांडलेले काका-काकू करतात. त्यांना आमच्या वयाची माणसं हवी आहेत, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. मी आता रविवारी त्यांच्याबरोबर जाते.

मागच्या दाराची पायरी

ही वस्तू गेली हे बरं झालं. पूर्वेच्या डोंगराकडून आदिवासी कुटुंबं वाड्यांवर कामाला यायची. फुलं खुडायला, पानवेलीला पाणी द्यायला. नाताळात त्यांना नवं लुगडं, धोतर, मुलांना खाऊ आणि भरलेलं पान मिळायचं, आणि ते त्यांनी मागच्या दाराच्या पायरीवर बसून खायचं. आजी स्वतः वाढायची, आग्रह करायची, बाळंतिणीला तूप जास्त घालायची. पण पायरीवर. तिच्या दयेत खोट नव्हती, आणि तरी ती पायरी चुकीची होती. आई या घरात आली तेव्हा पहिल्याच नाताळात तिने त्यांची पानं स्वयंपाकघरात मांडली. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तिनेच मांडली. घराची दुरुस्ती झाली तेव्हा ती पायरी तोडली. वाडी आता निम्मी उरली आहे आणि ती कुटुंबं इमारतींच्या कामावर जातात.

दुखवट्याच्या घरचं ताट

ज्या घरी त्या वर्षी माणूस गेलेलं असतं, त्या घरी नाताळात गोड करत नाहीत. चांदणी लावत नाहीत, नवे कपडे नाहीत. आळी मात्र त्या घराचा नाताळ रिता जाऊ देत नसे. मिस्सेहून आलं की आपल्या चुलीवरचं पहिलं ताट त्या घरी न्यायचं, मग आपण जेवायचं. ताट झाकायला विणलेला पांढरा रुमाल. न्यायचं ते घरातल्या मोठ्या माणसाने. मुलांच्या हाती पाठवायचं नाही. आत जायचं, बसायचं, गेलेल्या माणसाची एखादी आठवण काढायची. रडू आलं तर येऊ द्यायचं. शुभेच्छा म्हणायच्या नाहीत.

आजोबा गेले त्या वर्षी आमच्याकडे इतकी ताटं आली की ठेवायला जागा उरली नाही. बेकरीवाल्या चाचांच्या घरून खीर आली. पार्ल्याहून कोणीतरी डबा पाठवला होता, तेव्हा आजीची फेरी थांबून कितीतरी वर्षं झाली होती. आजी सगळ्यांपुढे बसून एकेक घास खात होती. कोणाचं ताट न चाखलेलं राहायला नको, म्हणून. ती रिकामी ताटं मग वर्षभर आमच्या फडताळात राहिली, कारण ज्या वर्षी ताट येतं त्या वर्षी परत करायचं नसतं. पुढच्या नाताळात ती भरून द्यायची. ते वर्षभर आमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांची भांडी होती, आणि भाजी वाढायला ताट काढलं की तळाशी कोरलेलं दुसऱ्याचं नाव दिसायचं.

भांड्यांवर नावं कोरून घ्यायची पद्धतही आता गेली. इमारतींमध्ये नवी माणसं राहायला आली आहेत, कामाच्या वेळा वेगळ्या आहेत, कोणाच्या घरी कोण गेलं हे लिफ्टमधल्या चिठ्ठीवरून कळतं. मागच्या नाताळात आमच्या शेजारच्या इमारतीत एका घरी चांदणी नव्हती. आईने ताट भरलं, रुमाल टाकला आणि आम्ही दोघी गेलो. दार उघडणाऱ्या काकूंना आम्ही ओळखत नव्हतो. ते केरळातलं कुटुंब निघालं. त्यांचे यजमान ऑक्टोबरमध्ये गेले होते. आम्ही बसलो. मराठी-हिंदीत जमेल तसं बोललो.

यंदा तुमच्या आसपास ज्या दारावर चांदणी लागली नसेल, ते दार वाजवा. ताट स्टीलचं असलं तरी चालेल. फक्त भांडं असं न्या की ते त्यांना परत द्यावं लागेल.